लाल रेघेची ट्यूब

गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
मे महिन्यात सगळे चेहरे सारखेच येतात:
स्कार्फ, गॉगल, मधे घामाची एक चीर.
म्हणून ती आली तेव्हा मला काही वाटलं नाही.
दिवाळी गेली तरी स्कार्फ सुटला नाही, तेव्हा वाटलं.

"काका, ही ट्यूब द्या नं. माझी मैत्रीण लावून राहिली."
मोबाईलवर फोटो. कडेला उभी लाल रेघ.
चिठ्ठी?
"चिठ्ठी कायले पाहिजे? पिंपलच तर आहेत."

पिंपलच तर आहेत.
असंच म्हणत मी वर्षानुवर्षं विकली
दुसरी एक ट्यूब, गोरेपणाची म्हणून मागतात ती,
जिच्यात स्टेरॉइड असतं
आणि बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.
एका नवरीला दिल्या होत्या, हळदीच्या आधी तीन,
मग दर महिन्याला एक.
दोन वर्षांनी तिचा नवरा एकटाच आला.
म्हणाला, उन्हात नेली की गाल पेटतात तिचे,
शिरा दिसतात, मागावर तुटलेल्या लाल सुतासारख्या.
काही औषध आहे का?
मी रॅककडे पाहत राहिलो.
माझ्याकडे सगळं होतं.

तर मी हिला नाही म्हटलं.
ती पाय आपटत समोरच्या दुकानाकडे गेली.
मी पाहिलं नाही, तिला तिथं काय मिळालं.

आठ दिवसांनी चिठ्ठी घेऊन आली, मेडिकलच्या ओपीडीची,
घामानं मऊ झालेली. प्रणोती पराते, वय सतरा.
मागे ॲसिडिटीवाला खाकरत होता, तरी मी बोललो:

चेहरा साध्या पाण्यानं धू, टिपून घे, घासू नको.
मग वाटाण्याएवढी. संत्र्याच्या दोन बिया म्हण.
फोडावर टिकली नाही लावायची, सगळ्या भागावर पातळ हात फिरव,
डोळे, ओठ, नाकाची कड सोडून.
सालं वाळवून दळलेली पावडर सध्या राहू दे.
टूथपेस्ट तर विसरच.
सकाळी सनस्क्रीन. मैत्रिणीला ही द्यायची नाही,
तिची घ्यायची नाही.
पोट फारच बिघडलं, पातळ, रक्त, तर बंद कर
आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखव.
दीड-दोन महिने आरशाशी भांडू नको.
आणि डॉक्टरनं सांगितलेल्या आठवड्यांच्या पुढे एक दिवस नाही.
जंतू तुझ्याच वयाचे असतात, पोरी, लवकर शिकतात.
यात दुसरं एक औषध मिसळलंय
ते त्यांना सहज पाठ होत नाही, पण कपड्यांचा रंग खातं.
टॉवेल पांढरा वापर.

"झालं?" ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात भडकून आली. सालपटं निघत होती.
एक दिवसाआड लाव म्हटलं, आणि चिठ्ठीवाल्यांना विचार.
पुढे एकदा तिची आई आली,
काउंटरवर टॉवेल पसरला: मरून रंगाचा,
त्यावर पिवळट पांढरे ढग.
"हे तुमची ट्यूब करते? माझ्या माहेरचा आहे हा!"
पोरीनं तेवढं एक सोडून सगळं ऐकलं होतं.
मी टॉवेलची घडी घालून दिली. आणखी काय देणार?

फेब्रुवारीच्या शेवटी ती पुन्हा आली.
नव्या चिठ्ठीत ती ट्यूब नव्हती, दुसरीच होती.
"तीच द्या नं, सवय झाली."
मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. ती हसली.

म्हणजे मला हसू दिसलं.
स्कार्फ गळ्यात होता.
डाव्या गालावर दोन डाग अजून, बोराच्या सालीच्या रंगाचे.
मी वर पाहिलं नाही.
सुटे मोजत राहिलो, दोनदा,
आणि दोन्ही वेळा चुकलो.

गोरेपणाची ट्यूब लोक अजून मागतात.
मी चिठ्ठी मागतो.
समोरच्याचं दुकान छान चाललंय.