सोवळं

पांढऱ्या रश्श्याचं वाटण रोज मीच वाटते.
काजू, खसखस, खोबरं, भाजलेले तीळ.
तेवढ्यावर खासबागेमागची ही खानावळ
एकोणीस वर्षं उभी आहे.

साडेतीनला शेवटचं ताट उठलं
की आंघोळ करते, दिवसातली दुसरी.
नखं ब्रशनं घासते, साडी बादलीत बुडवते,
केससुद्धा धुते, आणि मगच
माडीवर जाऊन इंद्रजितला जवळ घेते.

हौसाक्का जिन्याखालून हसते,
"मटणाचा हंडा ढवळणारी बाई तू,
आणि सोवळं पाळतीस व्हय गं?"
पाळते.
माझ्या देवाला तीळ चालत नाहीत.
देव सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.

दोन वर्षांमागं संक्रांतीला कुणीतरी मायेनं
हलव्याचा एक दाणा त्याच्या जिभेवर ठेवला.
आधी ओठ फुगले, मग डोळे,
मग छातीतून शीळ.
बिंदू चौकातून सीपीआरपर्यंत
रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही.
बारदेस्कर डॉक्टरीण म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं..."
आणि वाक्य तिथंच ठेवून पुढच्या खाटेकडं गेल्या.

आता संक्रांतीला शाळेत तो गोड बोलतो,
हात पाठीमागं धरून.

त्याचं निभतंय.
मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच पोरापायी.
इंद्रजितच्याही आधीची गोष्ट.
कॉलेजातला, कागलकडचा असावा,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
हळू विचारलं त्यानं, उधारी मागावी तसं,
"मावशी, पांढऱ्यात काजू असतात?"
रविवार होता. बाहेर रांग होती.
म्हटलं, "न्हाई रे. आणि असलं तरी काय हुतंय?
कोल्हापुरात येऊन पांढरा सोडतोस व्हय?"
सगळं बाकडं हसलं.
तोही हसला, आणि वाटी तोंडाला लावली.

अर्धं ताट टाकून उठला.
दुसऱ्या दिवशी त्याचा जोडीदार आला, एकटाच.
बिल दिलं. मी वरचे वीस रुपये
मोजून परत केले.
तो दारात जरा थांबला होता.
मी विचारलं नाही.
गिऱ्हाईक होतं पुढं.

आता गल्ल्याशेजारी फळा लावलाय.
रोज सकाळी खडूनं गिरवते,
पांढऱ्यात: काजू, तीळ, खसखस, खोबरं.
तांबड्यात काय, तेही खाली.
लोक वाचतात, हसतात,
म्हणतात, "वहिनी, वाटणाचं गुपित
असं कुणी भिंतीवर लिवतं व्हय?"