पुढील थांबा

तीन वर्षांपूर्वी मिरजेत, मुजावरांच्या स्टुडिओत,
खिडकीला गादी लावून, पंखा बंद करून
मी अकरा थांबे बोलले.
पुढील थांबा, वानलेसवाडी.
पुढील थांबा, विश्रामबाग.
ब्लाऊज घामानं पाठीला चिकटलेला
आणि आवाज मात्र एसी डब्यातला.
अल्ताफ म्हणाला, मॅडम, जरा हसून बोला,
हसू ऐकू येतं.

गाडी दसऱ्याला येणार होती.
मग पाडव्याला.
मग डबे तयार झाले, तर चाकं बोटीत होती.
चाकं आली, तर ब्रेकची चाचणी राहिली.
चाचणी झाली
तोवर कारखान्याचा करारच संपला.
आता पेपरात तारीख छापत नाहीत,
'लवकरच' छापतात,
तेही सातव्या पानावर, श्रद्धांजलीच्या शेजारी.

रूळ आहेत.
सुरुवातीला उन्हात बघवत नव्हते,
आता तांबूस झालेत.
वरून कुणी गेलंच नाही तर लोखंडही गंजतं,
हे मला माहीत नव्हतं.
चौथ्या थांब्यावर सरूताई कणसं भाजते,
तिकीटखिडकीत तिचं कोळशाचं पोतं.
पोलीस भरतीची पोरं फलाटावर जोर काढतात
पिवळ्या रेषेच्या अलीकडं,
शिस्तीत.

गेल्या महिन्यात फोन आला.
एका थांब्याचं नाव बदललंय,
तेवढा एकच शब्द येऊन बोलून जा.
गेले.
गादी तीच, कोपऱ्यात उसवलेली.
मधल्या काळात माझ्या गळ्यातली गाठ काढली होती,
ते मी सांगितलं नव्हतं.
अल्ताफनं हेडफोन काढले, पुसले, परत घातले.
'पुढील थांबा' जुनं वाजवलं,
त्याला माझा नवा शब्द जोडला.
जणू वाक्य एका बाईनं सुरू केलं
आणि तिच्या आईनं संपवलं.

जुळत नाय, मॅडम.
सगळंच परत करावं लागंल,
पण त्याचे पैसे वरनं मंजूर व्हायला पायजेत.
मी म्हटलं, असू दे.
गाडी येईस्तोवर
नाव परत बदलेल.

घरी यायला वडाप.
चला सांगली, सांगली, एकच शीट!
ते एक शीट म्हणजे मी,
मांडीवर कुणाचंतरी पोर,
पायाशी पेंडीचं पोतं.
रस्त्याला लागून रूळ, रुळाला लागून रस्ता,
मध्ये पत्रा, पत्र्यावर
'गैरसोयीबद्दल क्षमस्व',
त्यातला 'क्षम' कुणीतरी भंगारात नेलेला.

वानलेसवाडी आली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
हळूच, हसून:
दरवाजे डाव्या बाजूला उघडतील.

शेजारच्या म्हातारबानं डावीकडं बघितलं.
तिथं दरवाजा नव्हता.
एक दोरी होती आडवी, ढिली.
त्यानं ती
दोन्ही हातांनी घट्ट धरली.