उजवीकडचा वरचा

बाहिया ब्लांका. रविवार. वाऱ्यात मीठ.
पापा फाल्कनखाली, बाहेर नुसते बूट.
"एल्विरा, चाक हलव. वरून धर."
हलवलं. टक्.
"ऐकलंस? केसभर खेळ.
एवढ्यावरच एके दिवशी भर रस्त्यात
चाक मांडी घालून बसतं."

चाक काढलं. हातोड्याचे दोन घाव, सांधा सुटला.
रिव्हेटं मात्र कारखान्यातली, पंचावन्न वर्षांची,
एक बिट मोडलं, दुसरं तेलात बुडवून दिलं मी.
ड्रिल घसरलं,
मडगार्डच्या आतल्या कडेला
सायीचा रंग खरवडला बोटभर.

खाली हिरवा.

पापा हात पुसत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही.
त्या वर्षांत हिरवी फाल्कन कोपऱ्यावर मंदावली
की अख्खी गल्ली दिवे मालवायची.
नोर्मा आत्या आमच्या भिंतीवर
अजून बावीसचीच आहे.
आणि ही गाडी सत्त्याऐंशी साली
स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली,
कुणाकडून, ते मी कधी विचारलं नाही.
त्यांनी तरी विचारलं होतं का?

थर्मासमधलं पाणी निवलं.
"शेवटचं राहिलंय," म्हणाले.

नवा जॉइंट बोल्टांनी आवळला,
कॉटर पिन वाकवली,
रबराची टोपी फुगेपर्यंत ग्रीस.
चाक चढवून हलवलं:
गप्प.

सायीच्या रंगाचा डबा मांडणीवरच होता.
मी हात लांबवला. "राहू दे," म्हणाले,
आणि ओरखड्यावर बोट ठेवून उभे राहिले,
ताप बघतात तसे.

"डावीकडचा पुढच्या रविवारी."