नमुना क्रमांक ४१७

परळ. रात्रीचे अडीच. फ्रीजची घरघर.
बाटलीवर माझंच अक्षर:
अनाबिया, चौदा महिने, बैंगणवाडी.

तो दार फोडत नाही.
आतड्याच्या पेशीत शिरतो,
आधी बेलची वायर कापतो, म्हणजे
शेजारच्या पेशीला हाक जाऊ नये.
निघताना तिच्याच पापुद्र्याची पिशवी शिवतो,
भावंडांना त्यात कोंबतो
आणि पहाऱ्यासमोरून जातो,
घरचेच कपडे घालून.
पहारा कपडे ओळखतो.

सकाळी काउंटरवर तिची आई:
जुलाब थांबले मॅडम, काल अख्खं बिस्कीट खाल्लं.
माझ्या हातातला कागद
अजून पॉझिटिव्ह.

हात धूत राहा, एवढंच म्हणाले.
पोरीनं माझ्या ओळखपत्राची दोरी
तोंडात घातली होती, हसत.
लगेच सोडवली नाही मी.