रकाना

शेपटीला धरायचं नाही.
हे मी सांगते, दर मार्चमध्ये, नव्या पोरांना,
प्राध्यापकांच्या पहिल्या व्याख्यानाच्याही आधी.
देगू शेपूट सोडून देतो.
सालपट तुमच्या चिमटीत, तो कोपऱ्यात,
आणि ते परत उगवत नाही.
दोन्ही हातांची ओंजळ करा. थांबा.
त्याला यावंसं वाटलं तर येईल.
नाही आला, तर आज तुमचं काम नाही.

वाल्पराइसोच्या या टेकडीवर सव्वीस वर्षं मी पिंजरे धुते.
खाली बंदर. सकाळी धुकं खिडकीला नाक लावून उभं.
वरच्या मजल्यावर पोरं शिकतात
मेंदू कसा म्हातारा होतो, आठवण कुठून उसवते,
आणि किती प्राणी पुरेत.
हे ‘किती’ त्यांना महिनाभर पुरतं.
कमी घेतले तर सगळेच फुकट मेले,
जास्त घेतले तर वरचे फुकट मेले.
रायेन वेंचुमिल फळ्यापुढे उभी, बाहीला खडू,
उत्तर आलं : प्रत्येक गटात अकरा.
खाली येऊन तिनं पिंजरे मोजले,
‘बावीस’ म्हणाली,
आणि बराच वेळ गेली नाही.

कोणाला औषध, कोणाला नुसतं मीठपाणी,
ते तिला कळता कामा नये.
ते माझ्याकडे. साधं पाकीट, वर चिकटपट्टी,
कपाटात, भुशाच्या पोत्यामागे.
झाकली मूठ.
सुरुवातीला ती माझ्या तोंडाकडे बघायची,
पाचला उचलताना, नऊला उचलताना.
मी चेहरा घरी ठेवून यायला शिकले.
याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

गोल पट, अठरा भोकं, एकाच्या खाली घर.
एकवीस जण शिकले, कोणी लवकर, कोणी रमतगमत.
सतरा नंबर कडेकडेनं फिरायचा,
भोकामागून भोक मिशांनी चाचपत,
अख्खी पाच मिनिटं. सहाही दिवस.

सातव्या दिवशी ती माझ्या दाराशी.
“सेन्योरा नेल्दा, हा असा का?”
डावा डोळा बघ, म्हटलं.
टॉर्चच्या उजेडात दुधाचा थेंब.
“कधीपासून?”
फेब्रुवारीपासून. भर उन्हाळ्यात दिसला पहिल्यांदा.
“मग सांगितलं का नाही?”
मी बाटल्या विसळत राहिले.
खरं तर मला राग आला होता.
तुमच्या फॉर्मवर वजन आहे, वय आहे, पिंजऱ्याचा नंबर आहे.
पिंजरा धुणारीला विचारलं का,
याला रकाना नाही.

वर मोठी वादावादी. जिन्यात ऐकू येत होती.
बाल्तासार म्हणाला, काढून टाक, आंधळाच तो.
तेही खोटं नव्हतं.
ओयार्सुन सर एवढंच म्हणाले,
हा नियम तू त्याची वेळ बघायच्या आधी लिहिला होतास?
नव्हता.

पाकीट फोडलं. सतरा औषधवाला निघाला.
तो धरला तर आकडा रेषेच्या अलीकडे,
सोडला तर पलीकडे, जिथे टाळ्या असतात.
रायेननं दोन्ही लिहिले. धरलेला आधी.
खाली एक ओळ : डोळे तपासले नव्हते, चूक माझी.
मला वाचून दाखवली.
अर्धी माझी, मी म्हटलं.
ती ते लिहीना.

मग तो दिवस आलाच, जो पहिल्या पानापासून ठरलेला असतो.
मेंदू हवा असतो, आणि तो मागून मिळत नाही.
बावीस ओंजळी. मी तिच्या शेजारी उभी.
सतरा आला.
माझ्या हाताला अल्फाल्फाचा वास असतो,
त्या वासावर आला.

या मार्चमध्ये फॉर्मवर नवा रकाना आहे,
जरा वाकडा, मागाहून कोंबलेला :
‘देखभाल करणाऱ्यांचं निरीक्षण’. पुढे सहीची जागा.
पेन तिथे अडखळतं.
सव्वीस वर्षांत या इमारतीत
मी फक्त पगाराच्या कागदावर सही केली होती.