बदमाकर

अरबीत 'प' नाही.
म्हणून माझ्या बताक्यावर मी बदमाकर बालशेतकर.
जलीबच्या पुलाखाली, गुरुवारी रात्री
बस थांबवून पोलीस नाव मोठ्याने वाचतो
आणि मागच्या बाकावरचा पेशावरी ड्रायव्हर
खुदकन हसतो. बदमाश ऐकलं असणार त्याने.
मीही हसतो. पैसे पडत नाहीत.

उतरा, म्हणतो. सगळ्यांना नाही.
बोट हवेत फिरतं, पाटीतले आंबे निवडावेत तसं:
तू, तू, तो निळ्या डगल्यातला, तू नको, तू.
पुढचा सिरियन न्हावी बसूनच राहतो,
फोनवर कुणाला तरी सांगतो, पोचतोच आहे.
शेजारच्या लेनमधून आमच्या साइटचा मिस्टर गॉर्डन
काच अर्धी खाली करतो,
अंगठा वर करतो पोलिसाला; पोलीस त्याला.
त्याने मला पाहिलं नाही असं मी धरून चालतो.
रविवारी त्याच्याचकडून ओव्हरटाइमवर सही घ्यायचीय.

फुटपाथ अजून तापलेला. ओळीने बसतो.
शफीकुलच्या मांडीवर इलिश, पिशवीत बर्फ,
पगाराच्या दिवशीचं वेड.
पोलीस अगदी पोरगेला आहे, दातांना तारा,
वाईट बोलत नाही.
टॉर्च तोंडावर धरतो, मग कार्डावर,
मग परत तोंडावर.
हा तू?
मीच.
हा गोरा आहे.

आता ह्याला कसं सांगू
की फाहाहीलच्या स्टुडिओत बिजूने
न विचारता मला दोन छटा उजळ केलं,
वर म्हणाला, चेट्टा, फ्री,
आणि मी थँक्यू म्हणालो.
की ह्या रंगाला आमच्यात नावं फार:
सावळा, काळासावळा, गव्हाळ.
ताईच्या स्थळांच्या कागदावर बाबांनी निमगोरी लिहिलं
आणि बघायला आलेली माणसं
चहा अर्धा ठेवून उठली.
बाबांना लिहिण्याची हौसच.
आडनावही त्यांनीच बदललं, मी जन्मायच्या आधी,
राजपत्रात रीतसर छापून.
गावाचं नाव घेतलं, मागे कर जोडला.
पुढे मी पुण्यात खोली बघायला गेलो की
घरमालकीण विचारायची,
पालशेतकर म्हणजे... नक्की कोण?
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची,
टॉर्चशिवाय.

बंगाली? नाही. हिंदी? हो.
यंत्रात नंबर टाकतो. यंत्र विचार करतं.
इकाम्याला अजून चार महिने आहेत, तारीख मला पाठ आहे,
तरी पाठीवरून घाम उतरतो,
खोटं बोलताना उतरतो तसला.
यल्ला.
कार्ड परत. हातात घेतलं तर गरम.

शफीकुलचा कफील एक, काम दुसरीकडे.
त्याला जाळीच्या गाडीत चढवलं.
चढता चढता त्याने पिशवी माझ्या हातात दिली,
नीट, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल द्यावं तशी.
भाई, बरफ पानी हो जायेगा.
एवढंच.

बस केव्हाच गेलेली. मी चालत निघालो,
दोन किलोचा मासा छातीशी.
वाटेत एक पोलीसगाडी हळू झाली,
मी आधीच खिशात हात घातला,
मग वाटलं, असा हात घालणं बरं दिसत नाही,
काढला.
ती निघून गेली. शर्टावरून पाणी ठिबकत होतं,
माशाचं.

आमचा फ्रीजर सात जणांत एक.
कोण काय उचलेल, नेम नाही.
म्हणून पिशवीवर मार्करने लिहून ठेवलं, मराठीत:
शफीकुल, खोली ४०५, ह्याचा आहे, हात लावू नये.
आज एकवीस दिवस झाले.
खोलीवर त्याची गादी आता दुसराच वापरतो,
लखनौकडचा, नवा आलाय.
काल रात्री त्याने फ्रीजर उघडून विचारलं,
ये किसका है?
अक्षरांवर बर्फ साचलेला. वाचता येणार नव्हतंच त्याला.
मी उठलो, बोटाने बर्फ पुसला
आणि वाचून दाखवलं.