टेप बंद कर

वाघबिळाच्या वळणावर परवा
दहा माणसं उतरली, तेव्हा कुठं गाडी हलली.
उतरलेल्यांत एक शाळामास्तर होते.
छत्री काखेत धरून जीपच्या शेजारनं चालत राहिले
आणि गाडीच्या आधी वर पोचले.
पैसे मात्र पुरे दिले. तेच जास्त लागलं.

वडापच्या थांब्यावर निदान प्रत्येकाच्या खिशात.
रावसो म्हणाला, बेरिंग गेलं.
आनंदा म्हणाला, क्रँक,
आणि टोपी काढल्यासारखा गप्प उभा राहिला.
चहा ओतता ओतता मायाक्का म्हणाली, इकून टाक की.
मी फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली,
पंप उतरवून सांगलीला धाडला, चार हजार घातले.
आवाज तसाच. टक. टक. टक.
पत्र्याखालनं कुणीतरी नखानं बोलावतंय असा.

उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांमधल्या बोळात
गुलाब मिस्त्री बसतात.
बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारलं,
गार असताना वाजतंय का तापल्यावर?
धूर काळा का पांढरा?
दम चढालाच जातोय, का सपाटीलाबी?
आन् कवापास्नं?
"चार दिस झालं," मी म्हणालो.
त्यांनी माझ्याकडं नाही, टेपकडं बघितलं.
आवाजाचं बटण पार शेवटाला टेकलेलं.
"बरं. चार म्हण. पर ती टेप बंद कर."

मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर.
डोळे मिटले.
शेजारच्या लेथवाल्याला नुसता तळवा दाखवला,
आणि तो थांबला. उद्यमनगरात, दुपारी बाराला, लेथ थांबला.
मला माझ्याच गाडीचा आवाज
पहिल्यांदा नीट ऐकू आला. लाज वाटली.

पान्ह्यानं डिझेलचा एकेक पाइप सैल केला.
पहिला सोडला, गाडी अडखळली, अंगभर थरथरली.
दुसरा, तसंच. चौथा, तसंच.
तिसरा मुद्दाम मागं ठेवला होता.
तो सोडला. डिझेल बोटांवरनं सांडत राहिलं
आणि गाडीला पत्ताच नाही.
"ज्याच्या जाण्यानं फरक पडत न्हाई,
त्यो आधीच गेलेला असतोय."
मला उगीच थोरला भाऊ आठवला,
पुण्यात असतो, दिवाळीला फोन करतो.
ते काय मी बोललो नाही.

वरचं झाकण काढलं. आठ रॉकर.
सात पुरते वाकत होते,
एक नुसता मान हलवत होता, ग्रामसभेत बसल्यागत.
इंजिन बंद करून त्याच्याखालची सळई उपसली, पुसली,
टेबलाच्या काचेवर ठेवली,
जिच्याखाली लाइट बिलं आणि नातीचा फोटो,
आणि बोटानं ढकलली.
सरळ सळई घरंगळते.
ही लंगडत गेली, नातीच्या कपाळाशी जाऊन थांबली.

"पन्हाळ्यावरनं न्यूट्रल टाकून येतोस."
हा प्रश्न नव्हता.
"आन् वळण आलं की दणकन् दुसरा."
महिन्याला किती डिझेल वाचतं
याचा हिशोब माझ्या ओठावर होता.
तेवढ्यात पोरगं चहा घेऊन आलं. सुटलो.

नवी सळई एका रद्दी इंजिनातनं निघाली.
फट पात्यानं मोजली, तीनदा.
सगळे मिळून साडेसहाशे. सांगलीचे चार हजार
दोघांनीही काढले नाहीत.

संध्याकाळी मोकळीच गाडी वर नेली.
वाघबीळ तिसऱ्यात चढली.
आता काय काय ऐकू येतंय:
दाराची कडी, सीटखालचा पाना,
उसातनं कुणीतरी बैलाला हाक मारतंय,
आणि मागच्या डाव्या चाकात,
फार नाही, थोडंसंच, किर्र.
हात टेपकडं गेला.
मग परत स्टिअरिंगवर ठेवला.
गिअरातच उतरलो.